गल्लीतून गाड्या सुसाट जातायत? पहिल्यांदाच पाठपुरावा करणाऱ्यांसाठी सगळी प्रोसेस

रस्ता काँक्रीटचा झाला की पहिला महिना सगळे खुश असतात, आभाराचे फ्लेक्स लागतात, ग्रुपवर फोटो पडतात. दुसऱ्या महिन्यापासून त्याच ग्रुपवर सुरू होतं, "काय स्पीडने गेला तो टेम्पो", "आज समोरच्या आजी थोडक्यात वाचल्या", "कुणीतरी स्पीडब्रेकर बसवून घ्या रे". आता हा कुणीतरी म्हणजे नक्की कोण ते कुणालाच माहीत नसतं, मग दोन दिवस चर्चा होते, कुणीतरी देश कसा सुधारणार नाही यावर लिहितं आणि विषय बंद, पुढचा अपघात होईपर्यंत.

हा लेख त्या कुणीतरीसाठी आहे. म्हणजे ज्याने किंवा जिने आजवर महापालिकेत एकही अर्ज दिलेला नाहीये पण आता द्यायचं मनावर घेतलंय. मी पुण्यात राहते म्हणून पुण्याच्या हिशोबाने लिहितेय, पण पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर, ठाणे कुठेही असाल तरी खात्यांची नावं थोडी बदलतील, बाकी गाडी त्याच रुळावरून जाते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते. "आम्हाला स्पीडब्रेकर पाहिजे" ही मागणी घेऊन जाऊ नका. "इथे गाड्या इतक्या वेगाने जातात, तो वेग ३० च्या आत आणा" ही मागणी घेऊन जा. स्पीडब्रेकर मागितला की "इथे बसत नाही" एवढं एकच वाक्य बोलून साहेब मोकळे होतात. वेगाचा आकडा समोर ठेवला की त्यांना काहीतरी उपाय सुचवावा लागतो, निदान "का नाही" ते लिहून तरी द्यावं लागतं.

पहिलं काम: त्रास कुणाचा आहे ते बघा

सगळ्या सुसाट गाड्या सारख्या नसतात आणि औषध पण सारखं नसतं. सकाळी ९ ते ११ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात बाहेरच्या गाड्यांची रांग लागत असेल तर तुमची गल्ली शॉर्टकट झालीये, मेन रोडचा सिग्नल चुकवायला मॅप लोकांना तुमच्या दारातून पाठवतोय. रात्री ११ नंतर बाईकवाले येत असतील तर तो वेगळा विषय, तिथे पोलिसांची गस्त लागते, ब्रेकर त्यांना उडी मारायला आवडतो उलट. पाण्याचे टँकर, सिमेंट मिक्सर, हायवा डंपर हे जवळच्या बांधकाम साइटचे असतात आणि तिथे बिल्डरशी बोलणं आणि वाहतूक पोलिसांकडून अवजड वाहनांना वेळेची बंदी मागणं हा रस्ता आहे. शाळेच्या व्हॅन असतील तर थेट शाळेशी बोला, शाळा ऐकतात, पालकांना घाबरतात.

आणि हे लिहिताना थोडं कसंतरी होतं पण लिहितेच, बऱ्याच गल्ल्यांमध्ये वेगात जाणाऱ्या गाड्यांतल्या चिक्कार गाड्या आपल्याच असतात. म्हणजे आपल्याच सोसायटीतले, ज्यांना ऑफिसला उशीर झालाय असे, आणि आपलीच सोळा-सतरा वर्षांची पोरं वडिलांची ॲक्टिव्हा घेऊन. हे मोजायच्या आधीच मान्य केलेलं बरं, कारण एकदा मोजायला लागलात की ते दिसणारच आहे.

दुसरं: रस्ता कुणाच्या मालकीचा

इथे नवखे लोक सगळ्यात जास्त फिरतात, या ऑफिसातून त्या ऑफिसात. पुण्यात तुमच्या दारातला रस्ता महापालिकेचा असू शकतो, कॅन्टोन्मेंट बोर्डाचा असू शकतो (पुणे आणि खडकी दोन्ही), सार्वजनिक बांधकाम खात्याचा असू शकतो, एमआयडीसीचा असू शकतो किंवा चक्क तुमच्या सोसायटीचा किंवा बिल्डरच्या लेआउटचा खासगी रस्ता असू शकतो जो पालिकेकडे हस्तांतरितच झालेला नाहीये. पालिकेत २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं आली, तिकडे राहत असाल तर ग्रामपंचायतीच्या काळातला कुठला रस्ता आता कुणाकडे आहे याचा घोळ विचारूच नका, पण विचारावाच लागतो.

सोपा मार्ग म्हणजे शेवटचं डांबरीकरण किंवा ड्रेनेजचं काम कुणी केलं ते बघायचं, कामाचा बोर्ड लागलेला असतो त्यावर खातं लिहिलेलं असतं. नाहीतर क्षेत्रीय कार्यालयात जाऊन पथ विभागाच्या ज्युनिअर इंजिनिअरला, म्हणजे जेईला, विचारा. ते सांगतात, एवढं तरी सांगतात.

रस्ता सोसायटीच्या आतला खासगी असेल तर अर्ज-बिर्ज काही नको, जनरल बॉडीत ठराव करा आणि नियमात बसेल असा ब्रेकर स्वतः करा. सार्वजनिक रस्त्यावर मात्र स्वतः काहीही बांधायचं नाही, त्याच्यावर खाली लिहिलंय.

तिसरं: मोजा. हे टाळू नका

याच्यावर मी जास्त लिहिणार आहे कारण शंभरातले नव्वद अर्ज इथेच मार खातात. अर्जात "वाहने भरधाव वेगाने जातात" असं लिहिलेलं असतं आणि वाचणारा रोज असली पाच वाक्यं वाचत असतो. तुमच्या अर्जात आकडा असला तर तो वेगळा पडतो.

स्पीडगन लागत नाही. गल्लीत एक सरळ तुकडा निवडा, टेपने ५० मीटर मोजा (३० मीटरची कापडी टेप हार्डवेअरवाल्याकडे मिळते, दोनदा लावा) आणि दोन्ही टोकांना रस्त्याच्या कडेला चुन्याची रेघ मारा. एकाने पहिल्या रेघेपाशी उभं राहून गाडी आली की हात वर करायचा, दुसऱ्याने दुसऱ्या रेघेपाशी मोबाईलचं स्टॉपवॉच धरायचं. मग १८० ला सेकंदांनी भागायचं, जे येईल तो ताशी किलोमीटर. ६ सेकंद लागले तर ३०, ५ लागले तर ३६, ४ लागले तर ४५, ३ लागले तर ६०. गल्लीतून ६० ने जाणारी गाडी कशी दिसते हे एकदा डोळ्यांनी बघितलं ना की पुढचा सगळा पाठपुरावा करायची ताकद येते.

हाताने मोजताना अर्धा सेकंद इकडेतिकडे होतोच, आणि ४ सेकंदाच्या जागी साडेतीन धरले तर ४५ चे ५१ होतात, म्हणून जमलं तर बाल्कनीतून दोन्ही रेघा दिसतील असा मोबाईल स्टँडवर लावून व्हिडिओ घ्या आणि नंतर घरी बसून व्हिडिओवरची वेळ बघून मोजा. ते जास्त बरोबर येतं आणि कुणी रस्त्यात उभं पण राहायला लागत नाही. व्हिडिओ फक्त मोजायला वापरा. नंबरप्लेट आणि चेहरे असलेले व्हिडिओ ग्रुपवर टाकून "ओळखा पाहू कोण" असले उद्योग करू नका, भांडण वेगाचं राहत नाही मग, तुमचं आणि त्याचं होतं.

किती गाड्या? एका वेळेच्या शंभर मोजा. सकाळच्या शंभर, रात्रीच्या शंभर. रविवार आणि एखादा कामाचा दिवस वेगळा धरा. मग वेग कमीपासून जास्तीपर्यंत क्रमाने लावा आणि ८५ व्या गाडीचा वेग बघा. ट्रॅफिक इंजिनिअर लोक हाच आकडा बघतात, शंभरातल्या ८५ गाड्या या वेगाने किंवा त्याहून हळू जातात असा त्याचा अर्थ. सरासरी सांगू नका, सरासरीत रिक्षा आणि शिकाऊ स्कूटरवाले येऊन आकडा खाली ओढतात. आणि तुमच्या यादीत समजा ८५ वी गाडी २८ वर निघाली तर तेही मान्य करा, मग तुमचा प्रॉब्लेम वेगाचा नसून कदाचित अंधाराचा किंवा फुटपाथवरच्या पार्किंगचा आहे, त्यासाठी अर्ज वेगळा.

सोबत अजून तीन गोष्टी लिहून ठेवा: रस्त्याची रुंदी, कडेला पार्किंग कुठून कुठपर्यंत असतं, आणि पोरं-म्हातारी माणसं रस्ता नक्की कुठे ओलांडतात. ती जागा बहुतेक वेळा बसस्टॉप, दूधवाला, देऊळ किंवा बागेचं गेट यांच्या समोर असते. उपाय तिथे हवा असतो, आणि पालिकेला नकाशावरून हे कळत नाही.

३० च का, असं कुणीतरी विचारणारच, त्याच्यासाठी हे पाठ करून ठेवा. ३० च्या वेगाने येणारी कार, ड्रायव्हरला दिसल्यापासून साधारण १३ मीटरमध्ये पूर्ण थांबते, कोरडा रस्ता आणि एक सेकंद रिॲक्शन धरली तर. ५० ने येणारी कार त्या एका सेकंदातच जवळपास १४ मीटर पुढे आलेली असते, म्हणजे पहिली गाडी जिथे थांबून उभी आहे तिथे दुसरीचा अजून ब्रेकच लागलेला नाहीये! ती थांबते २८ मीटरवर. आणि धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, ३० पेक्षा ५० ला जवळपास पावणेतीन पट. जिथे पायी चालणारी माणसं आणि गाड्या एकाच रस्त्यावर मिसळतात तिथे कमाल ३० असावी हे रस्ता सुरक्षेवरच्या फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात आहे, जागतिक आरोग्य संघटना पण तेच सांगते. आणि ४०० मीटरच्या गल्लीत ५० ऐवजी ३० ने गेलं तर वेळ किती जास्त लागतो? १९ सेकंद. ग्रुपवर वाद झाला की हा शेवटचा आकडा टाका.

चौथं: मागायचं काय

आता स्पीडब्रेकरवर या. भारतात ब्रेकर कसा असावा हे इंडियन रोड्स काँग्रेसच्या (रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) आयआरसी:९९ मध्ये लिहिलेलं आहे, मूळ १९८८ चं आणि २०१८ ला सुधारलेलं. गोलाकार ब्रेकर ३.७ मीटर रुंद, मध्ये फक्त १० सेंटीमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा, म्हणजे गाडी २५ च्या आसपास वेगाने आरामात जाते आणि त्याहून जोरात गेली तरच दणका बसतो. ४० मीटर आधी बोर्ड, वर काळे-पांढरे पट्टे. आता तुमच्या आसपासचे ब्रेकर डोळ्यासमोर आणा. अर्धा-पाऊण मीटर रुंद, वीतभर उंच, ना पट्टा ना बोर्ड. असला ब्रेकर हळू जाणाऱ्याला पण तोच दणका देतो, स्कूटरवरच्या बाईंच्या पाठीला, रिक्षातल्या गरोदर बाईला, ॲम्ब्युलन्समधल्या पेशंटला, आणि रात्री पावसात बाईकवाल्याला दिसतच नाही तो. एसयूव्हीवाला मात्र तसाच निघून जातो, त्याला काय.

म्हणून सार्वजनिक रस्त्यावर रात्रीतून काँक्रीटचा कट्टा टाकून मोकळे होणारे जे उत्साही कार्यकर्ते असतात त्यांना हात जोडा. त्यावरून कुणी पडलं तर जबाबदारी टाकणाऱ्यावर येऊ शकते, पालिका "आम्ही नाही टाकला" म्हणून हात वर करते आणि तुमच्या खऱ्या अर्जाचं वजन गेलं ते वेगळंच. जाड दोर, मधोमध कुंड्या, दगड हे पण नको.

रबराचे-प्लास्टिकचे काळे-पिवळे तयार ब्रेकर सोसायटीच्या आत ठीक आहेत. रस्त्यावर ते वर्षभरात तुटतात, एक तुकडा निघून जातो आणि बोल्ट वर उभे राहतात, मग पंक्चरवाल्याचं भलं होतं.

ब्रेकरशिवाय मागता येण्यासारखं बरंच काही आहे आणि ते बऱ्याच वेळा लवकर मिळतं:

टेबलटॉप क्रॉसिंग, म्हणजे फुटपाथच्या उंचीला आणलेलं सपाट झेब्रा. माझं सगळ्यात आवडतं. गाडी हळू होते आणि माणूस खाली न उतरता पलीकडे जातो. बाग, शाळा, दवाखाना यांच्यासमोर हेच मागा. पुणे महापालिकेचं २०१६ चं पादचारी धोरण आहे, त्याच वर्षीची रस्ते डिझाइनची मार्गदर्शक तत्त्वं पण आहेत, अर्जात दोन्हींचा उल्लेख करा, स्वतःचंच धोरण दाखवलं की नाही म्हणायला जड जातं.

गल्लीच्या तोंडाशी कोपरा आवळणं. आपल्याकडे वळणं एवढी मोठी गोल कापलेली असतात की मेन रोडवरून गाडी वेग कमी न करता आत घुसते. फुटपाथ कोपऱ्यावर थोडा पुढे आणला की आपोआप हळू वळावं लागतं. शॉर्टकटवाल्यांवर याचा चांगला परिणाम होतो.

पट्टे, कॅटआय (रस्त्यात बसवलेले, रात्री चमकणारे ठोकळे), ३० चा बोर्ड. स्वस्त आणि लवकर होणारं काम. पण नुसत्या बोर्डाने वेग कमी होतो यावर माझा काडीचा विश्वास नाही, तरी मागा, कारण बोर्ड असला तर पोलिसांना कारवाई करायला आधार मिळतो.

एकेरी वाहतूक मागताना दहादा विचार करा. समोरून कुणी येत नाही म्हटलं की लोक अजून जोरात पळवतात. शॉर्टकट तोडायला उपयोगी पडते कधीकधी, पण वेग वाढवते.

जागा सुचवताना हे बघा: ब्रेकर कुणाच्या गेटसमोर नको, ड्रेनेजच्या झाकणावर नको, अगदी वळणावर नको, आणि स्ट्रीटलाइटच्या उजेडात हवा. पावसाचं पाणी कुठून वाहतं ते बघून ठेवा कारण ब्रेकरच्या मागे तळं होतं. कडेला पाण्यासाठी फट ठेवली की दुचाकीवाले सगळे त्या फटीतून जातात आणि फट असते फुटपाथला लागून जिथे माणसं चालतात, तेव्हा फट किती ठेवायची ते जेईबरोबर जागेवरच बोलून घ्या.

पाचवं: शेजाऱ्यांना आधी भेटा

ज्या घरासमोर ब्रेकर येणार त्यांना न विचारता सह्यांची मोहीम सुरू केलीत तर विरोधाचा पहिला अर्ज त्यांचाच येणार, आणि त्यांचं चुकीचं पण नसतं. रिकामा टेम्पो रात्री २ वाजता ब्रेकरवरून गेला की मागचा फाळका जो काय आवाज करतो तो बेडरूममध्ये येतो. ब्रेक, हॉर्न, परत रेस, हे दिवसभर. त्यामुळे आधी त्या दोन-चार घरांत जा, चहा घ्या, दोन जागांचा पर्याय द्या. दुकानदारांना पार्किंग जाईल ही भीती असते, ती ऐकून घ्या. पाठदुखीवाले काका असतातच, त्यांना १० सेंटीमीटर आणि ३.७ मीटर सांगा, कागदावर काढून दाखवा.

सह्या गोळा करताना नाव, पत्ता, फोन आणि सही असा तक्ता करा. सोसायट्यांचे लेटरहेड मिळाले तर उत्तम, पाच सोसायट्यांची पाच पत्रं शंभर सह्यांना भारी पडतात.

सहावं: अर्ज

दोन अर्ज करायचे, एक नाही. रस्त्यावर जे काही बांधायचं, रंगवायचं ते पालिकेच्या पथ विभागाचं काम. वेगाची मर्यादा, अवजड वाहनांची बंदी, कारवाई हे वाहतूक पोलिसांचं. आणि ब्रेकरसाठी पालिका बहुतेक वेळा वाहतूक पोलिसांचा अभिप्राय किंवा ना हरकत मागते, तेव्हा दोघांना एकाच दिवशी दिलंत आणि एकमेकांना प्रत दिलीत तर "त्यांच्याकडून आलं नाही" हे वाक्य थोडं कमी ऐकायला मिळतं. पूर्ण बंद नाही होत.

पालिकेचा मजकूर साधारण असा ठेवा, मी मुद्दाम छोटा दिलाय:

*प्रति, मा. उपअभियंता, पथ विभाग, ... क्षेत्रीय कार्यालय. प्रत: मा. पोलीस निरीक्षक, ... वाहतूक विभाग.*
*विषय: ... रस्त्यावर ... ते ... या भागात वाहनांचा वेग ३० किमीच्या आत आणण्याबाबत.*
*महोदय, वरील रस्ता ... मीटर रुंद व ... मीटर लांब असून दोन्ही बाजूंना निवासी इमारती आहेत. आम्ही दि. ... रोजी सकाळी ... ते ... या वेळेत १०० वाहनांचा वेग मोजला. त्यापैकी ... वाहने ४० किमीपेक्षा जास्त वेगाने गेली. ८५ व्या वाहनाचा वेग ... किमी होता. तक्ता सोबत जोडला आहे. नकाशात दाखवलेल्या अ आणि ब या ठिकाणी ज्येष्ठ नागरिक व मुले रस्ता ओलांडतात. कृपया आमच्या उपस्थितीत स्थळ पाहणी करावी व आयआरसी:९९ प्रमाणे योग्य उपाय करावेत. अ येथे टेबलटॉप क्रॉसिंग व ब येथे गतिरोधक असे आम्ही सुचवत आहोत. केलेल्या किंवा न केलेल्या कार्यवाहीबाबत लेखी कळवावे.*

शेवटचं वाक्य काढू नका. "कृपया आमच्या उपस्थितीत" हे पण काढू नका, नाहीतर पाहणी होऊन जाते आणि तुम्हाला पत्ता नसतो.

पोलिसांच्या अर्जात मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ११२ (वेगमर्यादा), ११५ (वाहनांवर निर्बंध) आणि ११६ (चिन्हं, बोर्ड) यांचा उल्लेख करा, आणि तुमच्या तक्त्यावरून दिवस आणि वेळ सांगून त्या वेळेला स्पीडगनची इंटरसेप्टर गाडी मागा. "कधीतरी या" पेक्षा "गुरुवारी सकाळी ८ ते १०" याला उत्तर मिळायची शक्यता जास्त. कलम १८३ प्रमाणे हलक्या वाहनाला जास्त वेगासाठी १ हजार ते २ हजार आणि मध्यम-अवजड वाहनाला २ ते ४ हजार दंड आहे. फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरची तक्रार यात घुसवू नका, तो वेगळा गुन्हा, वेगळा अर्ज.

अर्ज घेऊन स्वतः जा, दोन प्रती न्या, आवक-जावकला द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. पालिकेच्या तक्रार ॲपवर टाकायला हरकत नाही, टोकन नंबर मिळतो, पण ॲपवरच्या तक्रारी "निराकरण झाले" म्हणून बंद होण्यात फार पटाईत असतात. कागद हवाच.

सातवं: मग काय होतं

पंधरा दिवस काही होत नाही. मग फोन करायचा, जेईला, गोड आवाजात. पाहणी ठरते, रद्द होते, परत ठरते. पाहणीला दोघं-तिघंच जा, वीस जणांचा घोळका गेला की जेई गाडीतून उतरतच नाहीत. तक्ता दाखवा, जागा दाखवा, पाच मिनिटं एकत्र उभे राहून गाड्या बघा. जेई लोक वाईट नसतात हो, त्यांच्याकडे रस्ते भरपूर आणि बजेट थोडं असतं, आणि कुणी आकडे घेऊन आलं की त्यांना पण वर एस्टिमेट पाठवायला बरं पडतं.

पैशाचा प्रश्न आला तर एक पर्याय बऱ्याच लोकांना माहीत नसतो: पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते, प्रभागातली छोटी कामं त्यात सुचवता येतात. फॉर्मच्या तारखा दरवर्षी मागेपुढे होतात, क्षेत्रीय कार्यालयात विचारून ठेवा. नगरसेवकांनाही प्रत द्या, चारही जणांना, एकालाच दिली तर बाकीचे तीन नाराज. काम झाल्यावर फ्लेक्स कुणाचा लागतो याच्याकडे दुर्लक्ष करायला शिका.

महिना-दीड महिना उलटूनही लेखी काही नाही आलं की माहिती अधिकार. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येतो, १० रुपये फी, अर्ज १५० शब्दांत आणि एका अर्जात एकच विषय. इथे नवखे लोक "अजून काम का झाले नाही" असं विचारतात आणि उत्तर येतं की असं स्पष्टीकरण देणं कायद्यात बसत नाही. "का" विचारायचंच नाही, कागद मागायचा. माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील सर्व टिपण्यांची प्रत, स्थळ पाहणी अहवालाची प्रत, वाहतूक विभागाशी झालेल्या पत्रव्यवहाराची प्रत. बास. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील, २० रुपये. माझ्या अनुभवात बऱ्याचदा उत्तराच्या आधी जेईचाच फोन येतो.

त्याच्या जोडीला लोकशाही दिन असतो, म्हणजे अधिकारी समोरासमोर तक्रारी ऐकतात तो दिवस, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, त्यासाठी अर्ज पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला १९८अ हे कलम आलं, रस्त्याच्या डिझाइन-देखभालीचे निकष पाळले नाहीत आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला १ लाखापर्यंत दंड. ते माहीत असू द्या. पहिल्याच अर्जात धमकीसारखं टाकू नका, फाइल लगेच विधी खात्याकडे सल्ल्याला जाते आणि तिथे ती निवांत झोपते.

पावसाळ्यात डांबराची आणि पट्ट्यांची कामं होत नाहीत, हे धरून चाला. मार्चच्या आसपास मंजुरी मिळवून मेच्या आत काम, नाहीतर दिवाळीनंतर.

मधल्या काळात सोसायटीत करायचं

गेटवर नोटीस लावा, पण "कृपया वाहने सावकाश चालवा" ही नको, ती कुणी वाचत नाही. १८ वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवताना अपराध केला तर कलम १९९अ प्रमाणे पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या २५ पर्यंत लायसन्स नाही. हे मोठ्या अक्षरात लावा. कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोन तरुण इंजिनिअरचा जीव गेला तेव्हा पालकांवरच्या जबाबदारीची सगळीकडे चर्चा झाली होती, आता परत सगळं थंड आहे. १६ वर्षांच्या मुलाला लायसन्स मिळतं असं सांगणारे भेटतील, ते बिनगिअरच्या ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं, तुमच्या दारातली ११० ची स्कूटर त्यात येत नाही.

सोसायटीत डिलिव्हरीला येणाऱ्या पोरांवर ओरडणं हा लोकांचा आवडता कार्यक्रम आहे. त्यांना गेटवर नीट फ्लॅट नंबर आणि लिफ्ट कुठली ते सांगितलं तर त्यांचे दोन मिनिट वाचतात आणि ते थोडे हळू जातात, एवढंच करून बघा.

आठवं: काम होताना तिथे हजर राहा

मंजुरी आली म्हणून मोकळे होऊ नका. ब्रेकर टाकायला ठेकेदाराची माणसं बहुतेक रात्री येतात आणि त्यांना ३.७ मीटर वगैरे कुणी सांगितलेलं असेलच असं नाही, उरलेलं डांबर ओतून रोलर फिरवला की झालं. जेईकडून तारीख घ्या, टेप घेऊन जा, ओतायच्या आधी रुंदी आखून घ्या. वाळल्यावर उंची मोजा: एक सरळ लाकडी पट्टी ब्रेकरच्या माथ्यावर आडवी धरून रस्त्यापर्यंतचं अंतर बघायचं, १० सेंटीमीटरच्या फार पुढे गेलं तर फोटो काढून दुसऱ्याच दिवशी लेखी कळवा. पट्टे आणि बोर्ड त्याच दिवशी होतील असं बघा. "रंगवाले नंतर येतील" म्हटलं की ते नंतरच येतात, आणि तोपर्यंतचा न रंगवलेला ब्रेकर रात्रीच्या दुचाकीवाल्याला सगळ्यात धोक्याचा, तोपर्यंत निदान दोन्ही बाजूंना रिफ्लेक्टर टेप लावलेले बॅरिकेड तरी मागून घ्या.

महिन्याभराने त्याच ५० मीटरवर, त्याच वेळेला, परत शंभर गाड्या मोजा आणि नवा तक्ता जेईला आणि वाहतूक विभागाला पाठवा. वेग खाली आला असेल तर शेजारच्या गल्लीवाल्यांना अर्जाबरोबर जोडायला तयार पुरावा मिळतो. नसेल आला, किंवा दोन ब्रेकरच्या मधल्या तुकड्यात लोक परत पळवत असतील, तर अंतर बघा, ते १०० ते १२० मीटरपेक्षा जास्त झालं की मधे वेग घेतला जातो, आणि पुढचा अर्ज त्या मधल्या तुकड्यासाठी. आणि पुढच्या वेळी रस्त्यावर डांबराचा नवा थर पडायला आला की लगेच जेईला फोन करा, कारण त्या थरात जुना ब्रेकर अर्धा बुडतो आणि तो परत करायचं कामात धरलंय का ते वर्क ऑर्डर निघायच्या आधीच विचारावं लागतं.